अमृतकोकम: साखर पेल्यात कमी करा, बरणीत नको

मे अर्धा सरला की कोकणात रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, फोडायची घाई सुटते. एक पाऊस जरी झाला तरी झाडावरची पिकली फळं पाणी पिऊन पुळपुळीत होतात, दोन दिवसांत सडतात आणि वर्षाचं सरबत हुकतं. फळ एकच, पण त्याचे तीन पदार्थ होतात आणि शहरात त्यांची सर्रास गल्लत होते. साली मिठाच्या रसात पुन्हापुन्हा बुडवून वाळवल्या की आमसुलं. मीठ घालून काढलेला रस म्हणजे आगळ, सोलकढीचा. आणि साखरेने काढलेला रस म्हणजे अमृतकोकम, ज्याचं सरबत होतं. आगळाची बाटली आणून त्याचं सरबत करायला गेलं की तोंड खारट होतं ते यामुळेच.

अमृतकोकमात चूल पेटवावी लागत नाही. साल, साखर आणि आठवडाभर वेळ, एवढंच लागतं. तरीही बरण्या बिघडतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: गोड कमी हवं म्हणून साखर अर्धी केलेली असते.

प्रमाण असं. दोन किलो पूर्ण पिकलेले, गडद लाल-जांभळे रातांबे घ्या. हिरवट छटा राहिलेलं फळ आंबट असतं, पण रंग देत नाही. धुऊन फडक्याने कोरडे पुसा आणि तासभर पंख्याखाली पसरा. मग आडवे कापून आतला पांढरा गर बियांसकट काढून टाका. फळाच्या वजनात साल साधारण निम्मी, म्हणजे हाती सालीच्या किलोभर वाट्या येतील. त्यांना साखर दुप्पट, दोन किलो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारसही हीच, एकास दोन. बरणीच्या तळाला साखरेचा थर द्या. मग प्रत्येक वाटीत साखर भरून वाट्या उताण्या रचा, वर पुन्हा साखर. सगळ्यात वरचा थर साखरेचाच हवा. तोंडाला दादरा, म्हणजे स्वच्छ फडकं, बांधा. रोज एकदा कोरड्या लाकडी डावाने तळापासून हलवा.

दुसऱ्या दिवशी बरणीत डोकावलं तर गंमत दिसते. पाण्याचा थेंब घातलेला नसतो, तरी तळाला बोटभर लाल रस साचलेला असतो आणि काल टणक असलेल्या वाट्या मऊ पडून खाली बसलेल्या असतात. सालीच्या पेशीत पाणी भरपूर आणि विरघळलेले पदार्थ कमी, बाहेर मात्र साखर ठासून भरलेली. पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी साखरेकडे धाव घेतं. हे परासरण. चिरलेल्या कैरीला मीठ चोळून ठेवलं की खार सुटतो, तोच प्रकार. पाणी गेलेल्या पेशी आकसून मरतात, पडदे फाटतात आणि मग आम्ल व रंगही पाण्यामागून बाहेर पडतात. म्हणूनच पहिल्या दिवसाचा रस फिका असतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा गडद.

आता साखरेचा हिशेब. ताज्या वाट्यांत शेकडा ८० ते ८५ भाग पाणी असतं, म्हणजे किलोभर वाट्यांत जास्तीत जास्त ८५० ग्रॅम धरू. ३० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २२० ग्रॅम साखर विरघळते. त्या दराने ८५० ग्रॅम पाणी १ किलो ८७० ग्रॅम साखर पोटात घेईल. मग वरची १३० ग्रॅम जाते कुठे? आठव्या दिवशी नीट हलवलेल्या बरणीच्या तळाला साखर उरत नाही, हे तर खरं.

उत्तर आम्लात आहे. कोकमाचा सामू, म्हणजे पीएच, दोनच्या आसपास असतो, लिंबाच्या रसाच्या तोडीचा. इतक्या आंबटात साखरेचा रेणू पाण्याचा एक रेणू घेऊन दुभंगतो आणि त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होतात. हे मिश्रण साखरेपेक्षा जास्त विरघळतं आणि त्याचे खडे सहज बनत नाहीत. गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतात ते याचसाठी. कोकम हे काम आच न देता, सावकाश करतं. शिवाय एका रेणूचे दोन झाले की पाण्याला धरून ठेवणारे रेणूही वाढतात.

हे पाणी धरून ठेवणं म्हणजेच सरबताचं टिकणं. जंतूंना जगायला मोकळं पाणी लागतं. साखरेने ते अडवून ठेवलं की बहुतेक जीवाणू आणि बुरशींचं तिथे काही चालत नाही, आणि जे साखरेला पुरून उरतील त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आम्ल आवरतं. तयार अमृतकोकमात शेकडा सत्तरच्या वर साखर असते. आता निम्मी, म्हणजे एक किलोच घातली तर? पाणी तेवढंच राहतं आणि साखर येते शेकडा ५५च्या खाली. साखरेत वाढणाऱ्या यीस्टला हे आयतं जेवण. चौथ्या-पाचव्या दिवशी बरणीच्या कडेला बारीक बुडबुडे दिसतात, वास दारूसारखा येतो आणि शीतपेय म्हणून केलेलं सरबत मद्याच्या वाटेला लागतं. अशा रसाची बाटली घट्ट बुचाने बंद केली तर आतल्या वायूने काच फुटूही शकते. फसफसलेलं उकळून वाचवायचा खटाटोप करू नये, चव परत येत नाही.

साखर पुरती घालूनही कधीकधी वरच्या थराला पांढरी बुरशी धरते. त्याचं कारण न हलवणं. रस साखरेने जड झालेला, त्यामुळे तो तळाला बसतो. वर तरंगणाऱ्या वाट्या अर्धवट कोरड्या राहतात, त्यांच्याभोवती साखर कमी. वर बरणी झाकण लावून उन्हात ठेवली असेल तर झाकणाच्या आत वाफेचे थेंब जमून खाली पडतात आणि वरच्या थरात पाणी शिरतं. दादरा बांधायचा तो म्हणून, झाकण नको. ओला चमचा घालणाऱ्याला तर बरणीजवळ फिरकू देऊ नये.

ऊन द्यावं की नाही, यावर घराघरांत दुमत आहे. उष्णतेने साखर लवकर विरघळते हे खरं, पण कोकमाचा रंग उष्णता आणि उजेड दोन्हीने उतरतो. काचेची बरणी आठ दिवस रखरखीत उन्हात ठेवली तर लाल रंगाला तपकिरी झाक येते. मे महिन्यात कोकणातल्या घराची ऊबच पुरेशी असते. घाई असेल तर पहिले दोन दिवस बरणीला फडकं गुंडाळून उन्हात ठेवा, पुढे घरात. मात्र भांडं काच, चिनीमाती किंवा चांगल्या स्टीलचं. तांब्या-पितळेत हा रस कळकतो, ॲल्युमिनियमला खातो आणि लोखंडाशी गाठ पडली की रंग काळपट होतो.

तो रंग म्हणजे अँथोसायानिन, जांभळाच्या आणि लाल कोबीच्या रंगाचं भावंड. आंबट द्रावणात तो लाल असतो, आंबटपणा उतरला की फिका आणि जांभळट होतो, अल्कलीत निळसर-हिरवट. रातांबे फोडून लाल झालेले हात साबणाने धुतले की डाग जायच्या ऐवजी निळे-काळे पडतात ते याच गुणामुळे. साबण अल्कलीधर्मी असतो. आधी लिंबाची फोड चोळा, मग साबण. सोलकढीत नारळाचं दूध जास्त झालं की गुलाबी रंग जांभळट होतो, तिथेही आंबटपणाच कमी पडलेला असतो.

याच गुणावर विकतच्या सरबताची घरगुती परीक्षा करता येते. पांढऱ्या वाटीत चमचाभर सरबत आणि चार चमचे पाणी घ्या, त्यात खायच्या सोड्याच्या एकदोन चिमटी टाका. फेस येईल, तो बसू द्या. कोकमाचा रंग असेल तर लाल जाऊन निळसर-करडा होईल. लाल तसाच लख्ख राहिला तर तो बहुधा डब्यातला रंग आहे.

आठव्या दिवशी, साखर पुरती विरघळली की, रस स्टीलच्या गाळणीवर पातळ फडकं घालून गाळा. वाट्या पिळू नका, सालीचे कण उतरून सरबत गढूळ होतं. दीड लिटरच्या आसपास रस मिळतो. तळाला साखर उरलीच तर पाणी घालून विरघळवू नका. भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून हलवा. वर्षभर बाहेर ठेवायचं असेल तर किलोला ०.६ ग्रॅम सोडियम बेन्झोएट घालतात. ते वजनकाट्यावर मोजायचं, बोटाच्या चिमटीने नाही. चमचाभर कोमट पाण्यात आधी विरघळवून मग रसात ढवळा. पूड थेट आंबट रसात टाकली तर बेन्झॉइक आम्लाचे कण सुटून तळाला बसतात. हे परिरक्षक आंबटातच काम करतं, त्यामुळे कोकमात ते चोख चालतं. फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर त्याची गरज नाही.

पेल्याचं गणित बरणीपेक्षा वेगळं. ३० मिली अमृतकोकम, दीडशे ते पावणेदोनशे मिली गार पाणी, चिमूटभर मीठ आणि ताजी भाजून कुटलेली जिरेपूड. जिरं बरणीत घालून ठेवलं की त्याचा वास महिन्याभरात मरतो. या ३० मिलीत साखर सुमारे ३० ग्रॅम असते, सहा-सात चमचे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं म्हणते. तेव्हा पथ्य सांभाळायचं ते इथे: १५ मिली घ्या आणि आंबटपणा कमी वाटला तर दोन आमसुलं पाण्यात भिजवून कुस्करा. कोकमातल्या हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लाने वजन उतरतं असं बाटलीवर छापून येतं, पण सहा चमचे साखरेबरोबर ते गिळून कोण बारीक होणार!

उन्हातून आल्यावर हे सरबत छान लागतं. आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, थोड्या मिठाने घामातून गेलेलं काही अंशी भरून निघतं. पण जुलाब होत असताना ओआरएसच्या, म्हणजे क्षार-साखरेच्या औषधी पाण्याच्या, जागी देऊ नये. ओआरएसच्या लिटरमध्ये ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असतं, सरबतात साखर त्याच्या दहापट. एवढी साखर आतड्यात पाणी ओढून घेते. बरणीत सालीचं झालं तेच.

गाळून उरलेल्या वाट्या टाकू नका. ताटात पसरून दोन दिवस उन्हात वाळवल्या की आंबटगोड, चिवट चघळायला होतात. साखर हवेतला ओलावा ओढते, म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आत घट्ट झाकणाच्या डब्यात जायला हव्यात.