श्लेफ : नदीचं, राजपुत्राचं आणि मूर्तींचं गाव

अल्जीरियात राजधानी अल्जिअर्सच्या नैर्ऋत्येला सुमारे २०० किलोमीटरवर श्लेफ हे प्रांताचं मुख्य ठाणं आहे. आजी-नातवाने आपापल्या जन्मगावाचं नाव सांगितलं, तर दोन वेगळी गावं वाटावीत, इतक्या वेळा इथली पाटी बदलली.

रोमन काळात इथे कास्तेल्लुम तिंगितानुम नावाची वसाहत होती. तिच्यातली लक्षात ठेवावी अशी वास्तू म्हणजे इ.स. ३२४ मध्ये पायाभरणी झालेलं चर्च. त्याच्या जमिनीवरच्या रंगीत खड्यांच्या नक्षीत एक चक्रव्यूह आहे आणि त्याच्या गाभ्यात १३ ओळींचा अक्षरचौकोन. मधल्या 'एस' या अक्षरापासून निघून कुठल्याही कोपऱ्याकडे वळत गेलं, तरी 'सांक्ता एक्लेसिया', म्हणजे 'पवित्र चर्च', हेच शब्द जुळतात. तो चक्रव्यूह आता अल्जिअर्सच्या कॅथेड्रलमध्ये आहे.

पुढे वसाहत ओस पडली आणि उरलेल्या अवशेषांवरून अरबी बोलणारे लोक त्या जागेला अल-अस्नाम म्हणू लागले. अस्नाम म्हणजे मूर्ती. उर्दू शायरीमुळे आपल्या ओळखीचा झालेला 'सनम' हे त्याचंच एकवचन. मला हे नाव सगळ्यांत जिवंत वाटतं, कारण ते कुणा सत्ताधीशाने दिलेलं नाही. डोळ्यांना जे दिसलं, तेच लोकांच्या तोंडी बसलं.

१८४३ मध्ये फ्रेंच सेनानी ब्यूजो याने याच जागी लष्करी ठाणं उभारलं आणि त्याला ऑर्लेआँव्हिल नाव दिलं. फ्रान्सच्या राजाचा थोरला मुलगा, ऑर्लेआँचा ड्यूक, आदल्याच वर्षी पॅरिसजवळ घोडागाडीच्या अपघातात गेला होता. तो अल्जीरियाच्या मोहिमांत लढलेला, म्हणून त्याची आठवण इथे कोरली गेली. ज्यांची जमीन होती, त्यांना कुणी विचारलं नाही.

९ सप्टेंबर १९५४ च्या भूकंपाने शहर उद्ध्वस्त केलं. हजाराहून अधिक माणसं दगावली. दोन महिन्यांच्या आत देशात स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. १९६२ मध्ये स्वातंत्र्य आलं आणि फ्रेंच नाव जाऊन अल-अस्नाम परतलं. पण १० ऑक्टोबर १९८० ला, शुक्रवारी भर दुपारी, जमीन पुन्हा हादरली. या वेळी तीव्रता ७ च्या वर होती. अडीच हजारांवर लोक मेले, लाखो बेघर झाले.

त्यानंतर लवकरच 'मूर्तीं'चं नाव सोडून शहराने शेलिफ नदीचं नाव घेतलं. श्लेफ हे त्याचंच रूप. सुमारे ७०० किलोमीटर वाहणारी ही देशातली सर्वांत लांब नदी मोस्तागानेमजवळ भूमध्य समुद्राला मिळते. इथल्या विद्यापीठाला मात्र याच गावात जन्मलेल्या स्वातंत्र्यसैनिक हसीबा बेन बुआलीचं नाव आहे. स्वातंत्र्ययुद्धात १९५७ मध्ये अल्जिअर्सच्या कसबा वस्तीत, ती लपली होती त्या घराला फ्रेंच सैनिकांनी सुरुंग लावला, तेव्हा ती मारली गेली. वय अवघं १९.