अशनी-आघात आणि चुनखडी

मोठा अशनी चुनखडीच्या थरांवर आदळला की खडकातून प्रचंड दाबाची लाट जाते. पाठोपाठ दगड चिरडतो, तापतो, त्याचा काही भाग वितळतो, तर काही भागातला कार्बन डायऑक्साइड सुटून मागे चुना उरतो. यातले 'वितळतो' हे क्रियापद बरीच वर्षे वादात होते.

वाद समजायला चुन्याची भट्टी पुरे. घोडबंदरच्या किल्ल्यासारख्या जुन्या बांधकामात वापरलेला चुना दगड किंवा शिंपले भाजूनच होई. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला शुद्ध चुनखडीच्या १०० किलोंमागे ४४ किलो वायू उडतो, ५६ किलो कळीचा चुना उरतो. भट्टी कितीही पेटवा, दगड पातळ होत नाही. वितळण्याआधीच त्याचे विघटन होते. तो वितळावा तर वायूला कोंडून धरणारा दाब हवा: साधारण ४० वातावरणांइतका दाब आणि १,२४० अंशांच्या आसपास तापमान. आघातात दाब याच्या हजारो पटींनी जास्त असतो. मात्र तो ओसरतोही झपाट्याने, आणि ओसरताना खडक किती तापलेला आहे यावर तो वितळणार की फुटून वायू सोडणार हे ठरते.

चुनखडीचा रस पाण्यासारखा पातळ असतो. वाळूच्या खडकाचा रस थिजून काच होतो, चुनखडीचा मात्र लगेच पुन्हा कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडी ज्या खनिजाची असते त्याचे, स्फटिक धरतो. म्हणून तो साध्या चुनखडीसारखाच दिसतो आणि नजरेतून निसटतो. जर्मनीतल्या रीस विवरात (वय सुमारे १.४८ कोटी वर्षे, व्यास सुमारे २५ किमी) काचेत अडकलेले कॅल्साइटचे गोल थेंब सापडले. पाण्यात तेल वेगळे राहावे तसे दोन रस एकमेकांत न मिसळता थिजल्याची ही खूण. कॅनडातल्या हॉटन विवरातही वितळलेल्या कार्बोनेटचे (चुनखडीच्या जातीच्या खडकाचे) पुरावे मिळाले आहेत.

जो भाग फुटून चुना होतो, तोही चुना राहतोच असे नाही. सुटलेला वायू शोषून त्याचा पुन्हा कॅल्साइट होतो. भिंतीतला विरवलेला चुना हवेतला वायू घेत वर्षानुवर्षे घट्ट होतो, तेच येथे गरम ढिगाऱ्यात वेगाने घडते.

सर्वांत मोठे उदाहरण मेक्सिकोतले चिक्सुलुब विवर, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. तेथे सुमारे ३ किमी जाडीच्या थरांत चुनखडीबरोबर अनहायड्राइट हे गंधकयुक्त खनिजही होते, त्यामुळे आघातात कार्बन डायऑक्साइडखेरीज गंधकाचे वायूही वातावरणात गेले. दख्खनचा लाव्हारस त्याच सुमारास वाहत होता.

ठाण्या-बेलापूरकडच्या हौशी मंडळींनी पारसिकच्या डोंगरात असले काही शोधू नये. तो काळा फत्तर म्हणजे लाव्हाच. बुलढाण्यातले लोणार (व्यास सुमारे १.८ किमी) खरे आघातविवर आहे, पण तेही बेसाल्टमध्येच, म्हणजे याच काळ्या फत्तरात, पडलेले. तेथे काच मिळते, चुनखडीचे थेंब नाहीत.