टिकली आणि काजवा: उंदरातल्या कॅन्सर पेशींचा माग काढताना

उंदरात सोडलेल्या कॅन्सर पेशी शोधायच्या दोन पद्धती स्क्रीनवर सारख्याच दिसतात: भूल दिलेला उंदीर आणि त्याच्या अंगावर लाल-पिवळा डाग. पण एक डाग सांगतो ‘इथे कण आहेत’, दुसरा सांगतो ‘इथे जिवंत पेशी आहेत’. परळ, खारघर, पवई, लॅब कुठलीही असो, नव्याने आलेल्यांची गल्लत इथेच होते.

पहिला डाग पेशींना लावलेल्या नॅनोकणांचा, बहुधा क्वांटम डॉटचा, म्हणजे प्रकाश पडला की ठरावीक रंगात चमकणाऱ्या अतिसूक्ष्म स्फटिकांचा. कॅडमियम सेलेनाइडचा गाभा, त्यावर झिंक सल्फाइडचं कवच. पेशी या कणांच्या साधारण १० नॅनोमोलर (म्हणजे अगदी विरळ) द्रावणात ३७ अंशांवर तासभर ठेवायच्या, दोन-तीनदा नीट धुवायच्या आणि मग उंदरात सोडायच्या. धुण्यात कसर राहिली तर पेशींबरोबर मोकळे कणही टोचले जातात. ही टिकली झाली, वरून लावलेली. बाहेरून प्रकाश पडला तरच चमकते.

दुसरा डाग काजव्याच्या ल्युसिफरेजचा, म्हणजे त्याला उजेड देणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा). त्याचं जनुक लेंटिव्हायरस या जनुकवाहक विषाणूमार्फत पेशीच्या डीएनएतच घातलेलं असतं. उंदराला ल्युसिफेरिन (या विकराचं इंधन) टोचलं की पेशी आपलं एटीपी (पेशीतला ऊर्जेचा रेणू) आणि ऑक्सिजन वापरून स्वतः उजेड देते. बाहेरचा दिवा लागत नाही, त्यामुळे पार्श्वभूमी जवळजवळ काळी राहते.

खरा फरक दिसतो पेशी दुभंगताना. टिकली दोन लेकींत, म्हणजे नव्या पेशींत, वाटली जाते, दर विभाजनाला निम्मी. २४ तासांत दुप्पट होणाऱ्या पेशीत दहा दिवसांनी १०२४ वा भाग उरतो. गाठ वाढते आणि डाग विझतो! असा आलेख पाहून औषध लागू पडलं असं समजणं ही फार महागात पडणारी चूक. ल्युसिफरेजचं जनुक मात्र प्रत्येक लेकीला पूर्ण मिळतं.

पेशी मेल्यावर फसगत उलटी होते. पेशी संपते, कण उरतात. मॅक्रोफेज (मेलेल्या पेशी आणि कचरा गिळणाऱ्या संरक्षक पेशी) ते गिळतात आणि डाग तसाच चमकत राहतो. साधारण साडेपाच नॅनोमीटरपेक्षा मोठे कण मूत्रपिंडातून गाळले जात नाहीत, ते यकृतात आणि प्लीहेत साचतात. म्हणून यकृत चमकलं की लगेच ‘मेटास्टेसिस’ (कॅन्सर दुसऱ्या अवयवात पसरला) असं लिहू नये. खात्रीसाठी कण लावलेल्या पेशी गोठवून-वितळवून माराव्यात आणि वेगळ्या उंदराला टोचाव्यात. तिथेही तसाच डाग आला तर डाग हा जिवंत पेशींचा पुरावा नव्हे. शेवटी ऊतीचा काप घेऊन एफ४/८० या मॅक्रोफेजच्या खुणेशी ताडून पाहावंच.

मग टिकली कशाला? पहिल्या दोन-तीन दिवसांत पेशी कुठे अडकल्या हे पाहायला तिच्यासारखं साधन नाही. शिवाय एकाच प्रकाशात वेगवेगळे रंग मिळतात, म्हणजे दोन प्रकारच्या पेशी एकाच उंदरात ओळखता येतात. मात्र लाल किंवा जवळच्या अवरक्त पट्ट्यातले, ६५० ते ९०० नॅनोमीटरचे कण निवडा. हिरवा उजेड रक्तातच शोषला जातो. खाद्यात लसूणघास असेल तर त्यातल्या हरितद्रव्यामुळे आतडी लाल चमकतात, तेव्हा निदान आठवडाभर आधी खाद्य बदला.

काजव्याची नाजूक बाजू म्हणजे ल्युसिफेरिन. मात्रा किलोमागे १५० मिलिग्रॅम. १५ मिग्रॅ/मिली द्रावण असेल तर २० ग्रॅमच्या उंदराला २०० मायक्रोलिटर, पोटाच्या पोकळीत. सुई आतड्यात शिरली तर डाग फिका येतो आणि दोष उगाच औषधाला जातो. उजेडाचा कळस बहुधा १० ते २० मिनिटांत येतो, पण प्रत्येक मॉडेलसाठी (गाठ आणि उंदराच्या प्रत्येक प्रकारासाठी) दर दोन-तीन मिनिटांनी चित्र घेऊन तो एकदा ठरवून घ्या. मुंबईच्या पावसाळ्यात तर उणे २० अंशांतून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडूच नका. आत दव धरलं की पावडर ओलावते आणि खराब होते.

काजवाही एका ठिकाणी फसवतो. गाठ मोठी झाली की मध्यभागी ऑक्सिजन पोचत नाही. तिथल्या पेशी जिवंत असूनही मंदावतात आणि उजेडाचा आकडा थबकतो. म्हणून आठवड्यातून दोनदा व्हर्नियर कॅलिपरने गाठ मोजावी आणि ते माप वहीत उजेडाच्या आकड्याशेजारीच लिहावं.