मोल ते कणसंख्या : ६.०२२ × १०^२३ हा अंक आला कुठून?

मोल हे पदार्थ किती आहे ते सांगणारे एकक. मोलला ६.०२२ × १०^२३ ने गुणले की कणसंख्या, म्हणजे अणू-रेणूंची संख्या, मिळते, कणसंख्येला त्याच अंकाने भागले की मोल. नववी-अकरावीच्या उदाहरणांत हे दोन ओळींत उरकते. पण रसायनशास्त्रज्ञ मोलचा हिशेब करू लागले तेव्हा हा अंक नेमका कुणालाच ठाऊक नव्हता, आणि त्यावाचून त्यांचे फारसे अडतही नव्हते. त्यांना हवी होती ती फक्त वजनांची प्रमाणे.

ज्याच्या नावाने तो ओळखला जातो त्या इटालियन शास्त्रज्ञ आमेदेओ ॲव्होगॅड्रोनेही तो काढला नव्हता. १८०८ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅकला दिसले होते की दोन आकारमान हायड्रोजन आणि एक आकारमान ऑक्सिजन यांपासून दोन आकारमान वाफ तयार होते. १८११ मध्ये ॲव्होगॅड्रोने त्याचा अर्थ लावला: समान तापमान व दाब असताना वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, आणि ऑक्सिजनच्या रेणूचे दोन तुकडे होऊ शकतात. हे म्हणणे जवळजवळ पन्नास वर्षे अडगळीत पडले. १८६० च्या कार्ल्सरूह (जर्मनी) येथील रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत इटलीच्या कॅनिझारोने ते पुन्हा मांडले, तेव्हा कुठे अणुभारांचा गोंधळ निवळू लागला.

१८६५ मध्ये ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ लोश्मिटने हवेच्या रेणूचा व्यास मिलिमीटरचा सुमारे दहा लाखावा भाग असल्याचे काढले. खऱ्यापेक्षा तो तिप्पट आला, पण रेणू मोजता येतात हे तरी ठरले. ‘मोल’ हा शब्द रूढ केला जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डने, १८९० च्या दशकात. गंमत अशी, की अणूंच्या अस्तित्वावर त्याचा तेव्हा विश्वासच नव्हता. पुढे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पेरँने पाण्यात तरंगणारे गॅम्बोज या पिवळ्या राळेचे कण सूक्ष्मदर्शकाखाली उंचीनुसार मोजले. त्यावरून आलेली किंमत ७ × १०^२३ च्या आसपास होती. १९०९ मध्ये त्यानेच या स्थिरांकाला ॲव्होगॅड्रोचे नाव दिले. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनने इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजल्यावर आणखी सोपी वाट सापडली: एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार ९६,४८५ कूलोम, भागिले एका इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६०२ × १०^-१९ कूलोम.

सर्वांत अचूक वाट मात्र सिलिकॉनच्या स्फटिकातून गेली. त्याच्या एकक कोष्ठिकेत (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घनाकृती खणात) ८ अणू असतात आणि बाजू ५.४३१ × १०^-८ सेंमी, म्हणजे घनफळ १.६०२ × १०^-२२ घसेंमी. एक मोल सिलिकॉन २८.०८६ ग्रॅम, घनता २.३२९ ग्रॅम प्रति घसेंमी, म्हणून आकारमान १२.०६ घसेंमी. त्यात ७.५२८ × १०^२२ कोष्ठिका बसतात. आठने गुणा, ६.०२२ × १०^२३ आलेच. प्रत्यक्ष प्रयोगात ९९.९९ टक्क्यांहून शुद्ध सिलिकॉन-२८ चा, सुमारे ९४ मिमी व्यासाचा, एक किलोचा गोळा वापरला. नैसर्गिक सिलिकॉनमध्ये तीन समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मिसळलेली असतात, त्यामुळे सरासरी अणुभारातच चूक शिरते.

१९७१ पासून मोल म्हणजे १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंइतके कण, अशी व्याख्या होती. अंक प्रयोगातून यायचा. २० मे २०१९ पासून क्रम उलटला: ६.०२२१४०७६ × १०^२३ हा अंक ठाम, आणि कार्बन-१२ चे मोलर वस्तुमान (एका मोलचे वस्तुमान) मोजायचे. फरक अब्जात जेमतेम एका भागाइतका, तेव्हा वर्गातली उत्तरे तीच राहतात.

आणि चुकाही त्याच. ५.८४४ ग्रॅम मीठ भागिले ५८.४४ (एका मोल मिठाचे ग्रॅम) म्हणजे ०.१ मोल, म्हणजे ६.०२२ × १०^२२ सूत्र-एकके (NaCl च्या जोड्या). पण आयन (प्रभारित कण) विचारले तर १.२०४ × १०^२३, कारण प्रत्येक एककात दोन आयन. ‘१ मोल ऑक्सिजन’ म्हटले की अणू की रेणू, हे आधी ठरवावे. उत्तर दुप्पट किंवा निम्मे होते. कॅल्क्युलेटरवर ६.०२२ नंतर थेट ‘ईएक्सपी’ आणि २३ दाबावे. मध्ये ‘गुणिले १०’ दाबले की उत्तर दहापट फुगते. ०.२५ मोलमधले रेणू ४.१५ × १०^-२५ आले, तर गुणायच्या जागी भागले आहे. एकापेक्षा कमी रेणू कसा असेल?