पोटात राहिलेल्या वृषणाचा दुर्बिणीतून शोध

गर्भात वृषणे मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि जन्माआधीच्या शेवटच्या महिन्यांत जांघेतील अरुंद वाटेने वृषणकोशात उतरतात. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या सुमारे ३ टक्के मुलांमध्ये हा प्रवास अपुरा राहतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण बरेच अधिक असते. त्यांतील पुष्कळशी वृषणे पहिल्या काही महिन्यांत आपोआप खाली येतात, मात्र सहा महिन्यांनंतर तशी आशा फारशी उरत नाही. शरीराच्या आतील उष्णता शुक्रजंतूंच्या मूळ पेशींना मानवत नाही आणि पुढील आयुष्यात कर्करोगाचा धोकाही वाढतो, म्हणून ६ ते १८ महिन्यांच्या वयात शस्त्रक्रिया करण्याचा सल्ला दिला जातो.

वृषण जांघेत हाताला लागत असेल, तर तेथे छोटा छेद घेऊन ते खाली आणता येते. प्रश्न उरतो तो हाताला न लागणाऱ्या, म्हणजे साधारण पाचांपैकी एका रुग्णाचा. वृषण पोटात आहे, जांघेत दडले आहे, की जन्माआधीच त्याचा रक्तपुरवठा तुटून ते नष्ट झाले आहे? सोनोग्राफीचा आग्रह पालक अनेकदा धरतात, पण तिच्यात वृषण दिसले नाही म्हणून ते नाहीच, असे म्हणता येत नाही. दोन्ही वृषणे लागत नसतील, तर मात्र आधी संप्रेरकांची व गुणसूत्रांची तपासणी आवश्यक असते.

येथे दुर्बीण कामी येते. १९७६ मध्ये इटलीतील कोर्तेसी आणि सहकाऱ्यांनी या शोधासाठी तिचा वापर केल्याची नोंद आहे. भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात, म्हणून सर्जन प्रथम पुन्हा हाताने तपासतात, आणि कधीकधी आधी न लागलेले वृषण तेव्हा लागते. तसे न झाल्यास बेंबीपाशी काही मिलिमीटरचा छेद घेऊन, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून दुर्बीण आत सोडतात. नजर वृषणापेक्षाही त्याच्या रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी यांचा माग काढते. रक्तवाहिन्या पोटातच संपल्या, तर वृषण नष्ट झाले आहे हे कळते आणि शोध तेथेच थांबतो. त्या जांघेच्या वाटेत शिरताना दिसल्या, तर पुढचा शोध जांघेत घ्यावा लागतो. काहीच न सापडणे हेही येथे ठोस निदान ठरते, हे या पद्धतीचे मला सर्वांत मोलाचे वाटते.

वृषण पोटातच सापडले, तर त्याच भुलेत उपचारही सुरू होतो. शुक्रवाहिनी बहुधा पुरेशी लांब असते. अडवतात त्या आखूड रक्तवाहिन्या. वृषण फार वर नसेल, तर त्या मोकळ्या करून ते एकाच वेळी खाली आणून वृषणकोशात टाके घालून स्थिर करता येते. ते वर असेल, तर फाउलर आणि स्टीफन्स यांनी १९५९ मध्ये मांडलेली कल्पना उपयोगी पडते: मुख्य रक्तवाहिन्या बंद करायच्या आणि शुक्रवाहिनीलगतच्या बारीक धमनीवर वृषण जगवायचे. आता हे सहसा दोन टप्प्यांत करतात. पहिल्या वेळी रक्तवाहिन्यांना क्लिप लावतात, सुमारे सहा महिन्यांत पर्यायी रक्तपुरवठा वाढू देतात आणि मगच वृषण खाली आणतात. तरीही काही वृषणे आक्रसतात, म्हणून पुढील तपासण्यांत जागेइतकेच आकाराकडेही लक्ष द्यावे लागते.