आतड्याची सफाई (कोलोनोस्कोपीपूर्व)

मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करण्याआधी रेचक द्रावण पिऊन आतड्यातला सगळा मळ बाहेर काढण्याची प्रक्रिया. सांगली-मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात तपासणीला ‘खालून दुर्बीण’ आणि तयारीला नुसते ‘पोट साफ करणे’ म्हणतात. या बोलीमुळे एक घोटाळा होतो. रोज सकाळी पोट साफ होते, मग वेगळे काय करायचे, असे रुग्णाला वाटते. रोजच्या शौचाने फक्त डावीकडचा, शेवटचा भाग रिकामा होतो. दुर्बिणीला मात्र सुमारे दीड मीटर लांबीचे सगळे आतडे, पार उजवीकडच्या अंधांत्रापर्यंत (मोठे आतडे जिथे सुरू होते ती पिशवी), धुतलेल्या ताटासारखे स्वच्छ लागते.

उजवी बाजू आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे. पाश्चात्त्य देशांत ही तपासणी मोठ्या प्रमाणावर निरोगी माणसांत कर्करोगपूर्व गाठी शोधण्यासाठी होते. अमेरिकेत २०२१ पासून अशा तपासणीचे, म्हणजे चाळणीचे, सुरुवातीचे वय ४५ धरले जाते. भारतात अशी सरसकट चाळणी नाही. इथला रुग्ण बहुधा लक्षणे घेऊनच येतो: शौचातून रक्त, महिनोन्‌महिने जुलाब, न भरून येणारा रक्तक्षय, घटणारे वजन. त्यामागे असणारा आतड्याचा क्षयरोग लहान आणि मोठे आतडे जिथे जुळतात त्या उजव्या कोपऱ्यात सर्वाधिक आढळतो. क्रोन रोगाचे (आतड्याच्या दीर्घकाळच्या दाहाचे) व्रणही बरेचदा तिथेच असतात आणि अमीबाचे अंधांत्रात. शिवाय दातेरी प्रकारच्या काही चपट्या गाठी उजवीकडेच, श्लेष्माची पातळ टोपी घालून बसलेल्या असतात. थोडा मळ राहिला तरी त्या दिसत नाहीत.

द्रावण

सर्वांत जास्त वापरले जाते ते पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे द्रावण. आपल्याकडे मिळणाऱ्या नेहमीच्या पाकिटात सुमारे १३७ ग्रॅम पूड असते: ११८ ग्रॅम पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि बाकी सोडियम सल्फेट, खाण्याचा सोडा, मीठ व पोटॅशियम क्लोराइड. ती बरोबर २ लिटर पाण्यात विरघळवायची असते. हा रेणू आतड्यात शोषला जात नाही आणि सोबतचे पाणी धरून ठेवतो. क्षारांचे प्रमाण असे बसवलेले असते की आतडे द्रावणातून फारसे काही घेत नाही आणि त्यात फारसे काही सोडतही नाही. द्रावण वरून आत जाते, धुऊन खालून बाहेर पडते. हे प्रमाण फोर्डट्रन आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये बसवले. त्याआधी दोन-तीन दिवस पातळ आहार, एरंडेल आणि वारंवार एनिमा असा बेत असे. घरात एरंडेलावर अजूनही विश्वास आहे, पण त्याने जुलाब झाले तरी दुर्बिणीला लागणारी स्वच्छता मिळत नाही.

याच कारणाने पाण्याच्या मापात तडजोड चालत नाही. पाकीट तांब्याभर पाण्यात कालवले की द्रावण दाट होते, क्षारांचा तोल बिघडतो आणि मळमळ वाढते. कळशीत अंदाजाने पाणी घेतले तर ते जास्त पातळ होते. सगळ्यात सोपे माप म्हणजे बाजारात मिळणाऱ्या एक लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या. स्वच्छ पातेल्यात दोन्ही ओतून त्यात सगळी पूड टाकावी, तळाशी खडा राहणार नाही असे ढवळावे आणि द्रावण पुन्हा त्याच बाटल्यांत भरावे. एक बाटली संध्याकाळची, दुसरी पहाटेची. चव खारट आणि किंचित बुळबुळीत लागते. गार केले, थोडे लिंबू पिळले की सुसह्य होते. साखर किंवा गूळ द्रावणात घालू नये.

पूर्वी रेचक म्हणून दिली जाणारी मॅनिटॉल ही साखर मागे पडण्याचे कारण वेगळे आहे. आतड्यातले जिवाणू ती साखर आंबवून हायड्रोजन व मिथेन तयार करतात आणि विजेच्या तारेने गाठ कापताना स्फोट होऊ शकतो. सोडियम फॉस्फेट या दुसऱ्या रेचकाने मूत्रपिंडाला इजा झालेले रुग्ण आढळल्यावर २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर कडक इशारा छापायला लावला. मूत्रपिंड किंवा हृदय दुबळे असलेल्यांसाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉल हाच तुलनेने सुरक्षित पर्याय आहे. कमी प्रमाणात प्यायची सल्फेट, पिकोसल्फेट किंवा एक लिटरची द्रावणेही आहेत. ती निवडक रुग्णांत वापरतात आणि त्यांच्यासोबत वरून भरपूर पाणी प्यावे लागते.

दोन हप्ते आणि घड्याळ

गेल्या काही वर्षांतल्या संशोधनातली सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे द्रावण दोन हप्त्यांत पिणे. पूर्वी सगळे दोन लिटर आदल्या संध्याकाळी संपवत. रात्री आतडे स्वच्छ असे, पण रात्रभर लहान आतड्यातून पित्त आणि चिकट पाचकरस खाली उतरत आणि सकाळपर्यंत उजव्या आतड्यावर पिवळट लेप बसे. डावीकडचा भाग लखलखीत आणि उजवीकडचा माखलेला, असे चित्र दिसले की द्रावण केव्हा प्यायले गेले हे विचारावे लागत नाही. आता अर्धे आदल्या संध्याकाळी आणि उरलेले तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून निदान २ तास आधी संपवतात. २०२५ मध्ये अमेरिकेतील तीन पोटविकार संघटनांच्या संयुक्त कृतिदलाने हीच पद्धत शिफारसीत ठेवली आणि धोका कमी असलेल्या रुग्णांना २ लिटरची मात्रा पुरेशी मानली. तपासणी दुपारी असेल तर सगळे द्रावण त्याच दिवशी सकाळी घेतले तरी चालते.

सकाळी १० ची वेळ मिळाली आहे असे धरू. संध्याकाळी साडेसहाला पहिली बाटली काढायची. पाव लिटरचा एक पेला, दर १५ मिनिटांनी एक. तासाभरात बाटली संपते. बहुतेकांना तासाभरात पहिला जुलाब होतो, काहींना तीन तासही लागतात. पहाटे ४ ला दुसरी बाटली त्याच गतीने सुरू करायची आणि पाच-सव्वापाचपर्यंत संपवायची. त्यानंतर आठपर्यंत गाळलेले पाणी घेता येते. आठनंतर घोटभर पाणीही नाही. गुंगीच्या औषधात उलटी झाली तर पोटातले द्रव फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, म्हणून ही दोन तासांची अट.

गावाकडच्या रुग्णाची खरी अडचण प्रवासाची आहे. जत, आटपाडी किंवा शिराळ्याहून मिरज-सांगलीला, किंवा दहिवडीहून साताऱ्याला यायचे आणि एसटीत शौचालय नाही. म्हणून पहाटेची बाटली टाळण्याचा मोह होतो आणि लोक ती रात्री दहालाच संपवून झोपतात. त्याने सगळी मेहनत वाया जाते. पहाटेचे द्रावण संपल्यापासून साधारण दोन तासांत जुलाबाचा जोर ओसरतो, त्यामुळे पाचला बाटली संपवून सात-साडेसातला निघणे बहुतेकांना जमते. लांबचा प्रवास असेल तर आदल्या रात्री पाहुण्यांकडे मुक्काम करावा किंवा वेळ घेतानाच दुपारची मागावी. वेळ देणाऱ्या माणसाला गावाचे नाव सांगणे हा तयारीचाच भाग आहे.

काय खावे

पूर्वी तीन-तीन दिवस पथ्य सांगत. आता ज्यांना जुनाट बद्धकोष्ठता नाही, आधीची सफाई फसलेली नाही आणि इतर मोठे आजार नाहीत, अशांना आदल्या एका दिवसाचे पथ्य पुरते. त्या दिवशी सकाळी आणि दुपारी कमी चोथ्याचे जेवण करता येते. आमच्या मते हा बदल फार मोलाचा आहे. तीन दिवस पातळ पेजेवर राहिलेला, शेतात राबणारा माणूस पहाटेपर्यंत इतका गळून गेलेला असतो की दुसरी बाटली त्याच्याने संपत नाही.

मऊ भात, गाळलेले मुगाचे वरण, इडली, सालीविना उकडलेला बटाटा, दही, अंडे, नुसते शिजवलेले मासे किंवा चिकन चालते. शेंगदाणे, खोबरे, कोथिंबीर न घातलेले पोहेही चालतात. दुपारनंतर फक्त पातळ: गाळलेले लिंबू सरबत, शहाळ्याचे पाणी, भाताची गाळलेली पेज, दुधाविना गुळाचा किंवा साखरेचा चहा. कोकम सरबत आणि बिटाचा रस टाळावा, आतड्यात तो लाल रंग रक्तासारखा दिसतो. उसाच्या रसात चोथा असतो, तोही नको.

या भागातल्या जेवणात अडथळा करणाऱ्या गोष्टी नेमक्या आवडीच्या आहेत. शाळूची भाकरी, शेंगदाण्याची, कारळ्याची किंवा जवसाची चटणी, मिरचीच्या बियांसकट ठेचा, मेथी, कोरेगावचा घेवडा, सांगलीची भडंग, तासगावची द्राक्षे आणि बेदाणे, आटपाडीची डाळिंबे. दुर्बिणीतून पाणी ओढून घेण्याची नळी आतून ३ ते ४ मिलिमीटर रुंद असते. डाळिंबाचा दाणा किंवा शेंगदाण्याचे फोलपट त्यात अडकले की ओढणे थांबते. मग दुर्बीण बाहेर काढून नळी मोकळी करायची आणि पुन्हा आत जायचे. हे दोन-तीनदा झाले की डॉक्टरांचा वेळ बघण्याऐवजी साफ करण्यात जातो.

आणखी एक अडचण शब्दाची आहे. ‘उपाशी या’ म्हटले की अनेक घरांत त्याचा ‘उपास’ होतो. मग साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याचा लाडू, रताळे खाऊन मंडळी येतात. हे जेवण चोथ्याने आणि दाण्यांनी भरलेले असते. उलट टोकाची माणसे निर्जळी धरतात आणि पाणीही पीत नाहीत. माण-खटाव आणि जतच्या एप्रिल-मेच्या उन्हात जुलाबांसोबत ते धोक्याचे ठरते. म्हणून सूचना देताना ‘उपाशी’ हा शब्द टाळावा आणि पदार्थांची नावे घ्यावीत. तोंडी सांगण्यासोबत लिखित कागद द्यावा आणि आदल्या दिवशी फोन करावा, हे नव्या शिफारसींतही आहे. मिरजेला सीमेपलीकडून येणाऱ्या रुग्णासाठी तो कागद कन्नडमध्येही असावा.

औषधे

लोहाच्या गोळ्या ५ ते ७ दिवस आधी थांबवाव्या लागतात, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. इसबगोलही बंद करावे. रक्त पातळ करणारी औषधे मनाने थांबवू नयेत. काही रुग्णांत ती थांबवणे गाठ कापताना होणाऱ्या रक्तस्रावापेक्षा घातक असते. मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल आधीच विचारणे गरजेचे आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या उपाशीपोटी रक्तात आम्ल वाढवू शकतात, म्हणून त्या साधारण तीन दिवस आधी थांबवल्या जातात. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडने पहाटे साखर एकदम खाली येऊ शकते. सेमाग्लुटाइडसारखी नवी इंजेक्शने पोट रिकामे होण्याचा वेग कमी करतात; त्यांचा उल्लेख न केल्यास सफाईही फसते आणि गुंगी देतानाही धोका वाढतो. कुठलीही जरुरीची गोळी द्रावण सुरू करण्याआधीच्या तासाभरात घेतली तर ती न शोषताच धुऊन जाऊ शकते.

काय बिघडते

मळमळ आली तर अर्धा तास थांबून, गार करून, लहान घोटांनी पुन्हा सुरू करावे. थंडी वाजणे आणि पोट गच्च वाटणे पहिल्या जुलाबानंतर कमी होते. गुदद्वाराची आग होऊ नये म्हणून सुरुवातीलाच खोबरेल किंवा व्हॅसलिन लावावे. मात्र पोट फुगत चालले, उलट्या थांबेनात, तीव्र कळ येते आणि शौच व वारा दोन्ही बंद आहेत, तर पुढचा पेला घेऊ नये आणि लगेच रुग्णालयात जावे. आतड्यात कुठेतरी अडथळा असण्याची ही लक्षणे आहेत. क्षयरोगाने आतडे आकसलेल्या रुग्णाला हा धोका अधिक, म्हणून जेवणानंतर पोटात गोळा उठण्याची तक्रार असेल तर ती तारीख घेण्याआधीच सांगावी.

सफाई झाली की नाही हे जुलाबांच्या संख्येवरून ठरत नाही. दहा-बारा वेळा जाऊनही पाणी गढूळ असू शकते. आधी तपकिरी चिखल, मग गढूळ पाणी, शेवटी गोमूत्रासारखे पिवळे आणि आरपार दिसणारे पाणी येते. या शेवटच्या पाण्यात दोन-चार कण असले तरी चालते. तरीही गढूळ असेल तर ते लपवू नये. तसे आधी कळवले तर त्याच दिवशी आणखी द्रावण देऊन वेळ पुढे ढकलता येते.

दुर्बीण आत गेल्यावर डॉक्टर बॉस्टन मापनाने गुण देतात: उजवा, मधला आणि डावा अशा तीन भागांना प्रत्येकी ० ते ३. प्रत्येक भागाला निदान २ गुण मिळाले तर सफाई पुरेशी. केंद्राने शंभरातल्या किमान ९० रुग्णांत ती गाठावी, अशी सध्याची अपेक्षा आहे. पडद्यावरच्या गाठी हेरून दाखवणारी संगणकीय प्रणाली अलीकडे मोठ्या रुग्णालयांत वापरात येऊ लागली आहे. २०१९ मध्ये चीनमधून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिच्या मदतीने गाठी सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण २०.३ टक्क्यांवरून २९.१ टक्क्यांवर गेले. पण ती फक्त पडद्यावर दिसणारेच तपासते. मळाखाली झाकलेली गाठ तिलाही कळत नाही.

गुण कमी पडले तर तपासणी वर्षाच्या आत, अधिक कडक तयारीनिशी पुन्हा करावी लागते. हे गुण अहवालात लिहिलेले असतात. नसतील तर डॉक्टरांना विचारून फाईलवर लिहून घ्यावेत, कारण पुढच्या दुर्बिणीची तारीख ठरवताना ते लागतात.