खांदा निखळला की दंडाचे हाड मोडले?

पडल्यानंतर खांदा ठणकू लागला आणि हात उचलता येईना, की घरातली मंडळी बहुधा खांदा निखळला असेच म्हणतात. पण तसेच दुखणे दंडाच्या हाडाचे वरचे टोक मोडल्यानेही होते. इजा कोणाला आणि कशी झाली, हे नीट विचारले तर पुष्कळदा दोहोंतील फरकाचा अंदाज येतो.

साठी ओलांडलेली स्त्री ओल्या मोरीत घसरते, सावरण्यासाठी हात टेकते किंवा थेट खांद्यावर आपटते, आणि उभ्याने पडण्याच्या एवढ्याशा आघातानेही हाड सांध्यालगत मोडते. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होत जातात, हे यामागचे मोठे कारण आहे. म्हणूनच केवळ हात बरा करून थांबणे मला अपुरे वाटते. हाडांची घनता तपासून ठिसूळपणावर उपचार झाले नाहीत, तर पुढच्या वेळी खुब्याचे हाड मोडू शकते. तरुणपणी हेच हाड मोडायला सहसा दुचाकीच्या अपघातासारखा जबर मार लागतो. पंजा लढवताना मात्र दंडाचा मधला भाग पीळ बसून मोडल्याची उदाहरणे धडधाकट तरुणांतही आढळतात.

खांदा निखळतो तेव्हा हाडाचा गोल माथा खोबणीतून, बहुतेकदा पुढच्या बाजूला, बाहेर येतो. कबड्डीत बाजूला ताणलेला हात मागे पिरगळला जाणे, हे त्याचे नेहमीचे कारण. फिट आल्यावर किंवा विजेचा धक्का बसल्यावर माथा क्वचित मागच्या बाजूलाही सरकतो आणि समोरून काढलेल्या एकाच एक्स-रेत ते निसटू शकते, म्हणून दुसऱ्या दिशेनेही एक्स-रे काढावा लागतो.

निखळलेल्या खांद्याची गोलाई जाऊन तो चौकोनी दिसतो. हाड मोडल्यास काही दिवसांत काळानिळा डाग कोपरापर्यंत, कधी छातीवरही उतरतो. उतारवयात या दोन्ही इजा एकदमच झालेल्या असू शकतात. त्यामुळे एक्स-रेआधी कोणाकडूनही हात ओढून बसवून घेऊ नये. त्याने मोडलेले तुकडे सरकून नस किंवा रक्तवाहिनी दुखावू शकते. हात झोळीत ठेवावा आणि सूज बोटांपर्यंत पसरण्याआधी बांगड्या-अंगठ्या काढाव्यात. खांद्याची बाहेरची बाजू बधिर झाली, मनगट उचलेनासे झाले किंवा बोटे गार पडली, तर तातडीने रुग्णालय गाठावे.